‘पार्टी नायजेरियन आहे’: एका घरमालकिणीच्या अनुभवाचे बोल

परक्या माणसाविषयी आपलं शहर खरोखर काय बोलतं, हे रोज ज्यांच्या कानावर पडतं त्यांत घरमालकिणीचा नंबर बराच वर लागावा. आमचं घर नागपुरात बजाजनगरकडे, व्हीएनआयटीपासून पायी जाण्याच्या अंतरावर. वरच्या मजल्यावरच्या खोल्या आम्ही बरीच वर्षं विद्यार्थ्यांना देतो. अकोला-यवतमाळची मुलं राहून गेली, तशी टांझानियाची, सुदानची, इंफाळचीही राहिली. एकदा संशोधनासाठी आलेली एक जर्मन बाई काही महिने होती. भाडेकरू यायच्या आधी एजंट बोलतो, आल्यावर शेजारी बोलतात, मग कामवाली, वॉचमन, ऑटोवाला. सगळ्यांचं मन घरमालकिणीपाशीच मोकळं होतं. त्या ऐकण्यातून जे उमगलं, ते क्रमानं मांडते.

१. भाडेकरूच्या आधी शब्द जिना चढतो

एजंटचा फोन ठरलेल्या चालीवर येतो. “मॅडम, पार्टी एकदम चांगली आहे. भाडं टाइमावर देईन. फक्त नायजेरियन आहे.” मुलगा समोर आला, पासपोर्ट पुढे केला, तर त्यावर टांझानिया. नायजेरिया आफ्रिकेच्या पश्चिमेला, टांझानिया पूर्व किनाऱ्यावर आणि मधे अख्खं काँगोचं खोरं. त्या खंडात ५४ देश आहेत, आमच्या एजंटच्या वहीत एकच. त्याला हे सांगितलं, तर म्हणाला, “एकच झालं ना मॅडम.”

एकच झालं म्हणणाऱ्याचं काही जात नाही. पण त्या शब्दावरून डिपॉझिट दोन महिन्यांचं की सहा महिन्यांचं हे ठरतं. गेटची चावी मिळणार की रात्री दहाला कुलूप लागणार हे ठरतं. मित्र घरी आले तर शेजारी बघून सोडून देणार की पोलिसांना फोन करणार, हेही ठरतं. अमली पदार्थांच्या बातम्यांत हा शब्द इतक्यांदा छापून येतो, की तो आता देशाचं नाव न राहता आरोपासारखा वापरला जातो. गुन्हा करणाऱ्याला जरूर पकडावं. पण एका देशातल्या काही जणांच्या गुन्ह्याचं जादा डिपॉझिट तिसऱ्याच देशातल्या विद्यार्थ्याकडून घेणं हा कुठला न्याय?

२. ‘फॉरेनर’ म्हणजे फक्त गोरा

जर्मन बाई राहायला आली तेव्हा कॉलनीत बातमी पसरली: वहिनींकडे फॉरेनर आली. दोन घरांतून पुरणपोळ्या आल्या. एकीनं तिला हळदीकुंकवाला नेलं. फुटाळा तलावावर फिरायला गेली तर पोरं सेल्फी मागायची, आणि ताडोब्याहून परत आली तेव्हा समोरच्या काकांनी वाघ दिसला का म्हणून आपुलकीनं चौकशी केली. तिच्या डिपॉझिटचा विषय एजंटनं काढलाही नाही.

टांझानियाचा मुलगाही फॉरेनरच होता. पासपोर्ट त्याचाही, व्हिसा त्याचाही, विमानानं तोही आला. पण त्याला फॉरेनर म्हणताना मी कुणालाच ऐकलं नाही. तो ‘नायजेरियन’, ‘काळ्या’, फार तर ‘तो वरचा’. इंफाळच्या मुली ‘चायनीज’. आपल्या बोलण्यात परक्या माणसांची अशी वर्गवारी कातडीवरून झालेली आहे. पाहुणा म्हणून मिरवायचा तो गोरा, आणि सांभाळून राहायचं तो काळा. गोऱ्याला आपण ‘अंग्रेज’ म्हटलं तरी त्यात थोडा आदर, थोडी हौस असते. म्हणून मी आता शब्दाकडे सुटं बघत नाही. त्या शब्दामागून पुरणपोळी आली की कुलूप आलं, एवढं बघते.

३. देशातल्याच माणसाला आपण परदेशी करून टाकतो

मणिपूरच्या मुलींना नागपुरात सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न: “इंडियात कधी आल्या?” एका प्रसिद्ध लेण्यांच्या तिकीट खिडकीवर त्यांच्यापुढे परदेशी दराचं तिकीट सरकवलं गेलं. आधार कार्ड दाखवलं, तर ते उलटसुलट करून पाहिलं. कोपऱ्यावरच्या चाउमीनच्या गाडीवाल्याला तर खात्रीच होती, की या आपल्या मालाची पारख करायला आल्या आहेत.

मग स्वयंपाकघराचा विषय. इरोम्बा करताना त्या आंबवलेली मासळी घालतात, तिचा वास जिन्यात उतरतो. शेजारून तक्रार आली: “हे चिनी लोक काय काय खातात वहिनी!” तक्रार करणाऱ्यांच्या घरी रविवारी सावजी मटण शिजतं, तेव्हा मसाल्याच्या ठसक्यानं गल्लीतली मांजरंसुद्धा शिंकतात. त्या वासाला आपण चव म्हणतो. मी एवढंच सांगितलं, की खिडकी उघडी ठेवायला सांगते, पण त्या चिनी नाहीत, आणि रविवारी तुमचीही खिडकी उघडी ठेवत जा.

हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही. २०१२ साली केंद्रीय गृहमंत्रालयानं राज्यांना कळवलं, की ईशान्येकडच्या अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला ‘चिंकी’ म्हणून हिणवणं ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं आणि त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तरी जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात निडो तानिया या अरुणाचलच्या तरुणाच्या दिसण्यावरून, केसांवरून टिंगल झाली, तो चिडला, भांडण झालं, मारहाण झाली आणि तो गेला. त्यानंतर सरकारनं या प्रश्नावर बेझबरुआ समिती नेमली. सुरुवात टिंगलीतूनच झाली होती.

आणि आपल्या विदर्भातलंच पाहा. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत १९७२ पासून आहे. त्यांची तिसरी पिढी इथल्या मातीत वाढली. हिवाळ्यात स्वेटर विकायला बसलेल्या तिबेटी बाईशी भाव करताना मात्र आपण “नेपाळी, कितने का?” म्हणून मोकळे होतो. ती कधी कधी उत्तर मराठीत देते.

४. प्रेमानं म्हटलं, ही सबब पुरत नाही

सुदानच्या मुलाला कॉलनीतल्या क्रिकेटच्या पोरांनी ‘कालू’ नाव ठेवलं. मी टोकलं, तर एकाची आई म्हणाली, “अहो, लाडानं म्हणतात. त्याला घेऊन खेळतात ना!” खेळत होती हे खरं. ओव्हर संपली की आपल्यातलं पाणीही त्याला द्यायची. पण बाकी सगळ्या पोरांना नावं होती, आणि हाच एक रंगानं ओळखला जात होता.

वेस्ट इंडीजचा कर्णधार डॅरेन सॅमी सनरायझर्स हैदराबादकडून आयपीएल खेळायचा. त्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला संघातले काही जण ‘कालू’ म्हणत. सॅमीला वाटायचं, याचा अर्थ तगडा घोडा असावा. सगळ्यांबरोबर तोही हसायचा. खरा अर्थ त्याला २०२० मध्ये कळला, तेव्हा त्यानं जाहीरपणे संताप व्यक्त केला. पुढे एका सहकाऱ्याशी बोलल्यावर त्याचा राग निवळला, ते प्रेमानंच म्हणत होते हेही त्यानं मान्य केलं. मला यातली सॅमीची समजूत लक्षात राहिली. ज्या हाकेला आपण कौतुक समजून ओ देत होतो, तिचा अर्थ उशिरा कळल्यावर आधीचे सगळे हसरे दिवस माणूस परत तपासत बसतो.

मैदानावर तर ‘गंमत’ ही सबब फार जुनी आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला आधी वडोदऱ्यात आणि मग वानखेडेवर प्रेक्षकांनी माकडाचे आवाज काढून डिवचलं. या दोन सामन्यांच्या मधला सामना आपल्या नागपुरात झाला, आणि त्यात त्यानं नाबाद १०७ धावा केल्या होत्या. टाळी वाजवायला एवढं कारण पुरेसं होतं.

५. त्याला कळत नाही, अशा भ्रमात राहू नये

परदेशी मुलगा नागपुरात आला, की सहा महिन्यांच्या आत ‘काय बे’, ‘चालते ना’ आणि ‘कितीचं झालं’ शिकतो. त्याच ओघात त्याच्यासाठी वापरलेले शब्दही शिकतो, कारण ते त्याला रोज ऐकू येतात. आपण मात्र लिफ्टमध्ये, ऑटोत, दुकानाच्या फळीवर त्याच्या तोंडावर त्याच्याचबद्दल मराठीत बोलत राहतो.

गोकुळपेठच्या भाजीबाजारात मी शेजारी उभी होते. टांझानियाचा मुलगा कांदे निवडत होता. भाजीवाला बाजूच्या गाळ्यावरच्याला म्हणाला, “पाह्य बे, कालिया आला.” मुलानं मान वर न करता उत्तर दिलं, “कालिया नाही भाऊ, इंजिनेर आहो. सांबार कसा देला?” कोथिंबिरीला ‘सांबार’ म्हणणारा माणूस विदर्भातलाच असतो, त्यामुळे भाजीवाल्याला काही सुचेना. त्यानं सांबाराची जुडी दिली, वर मूठभर मिरच्या टाकल्या, पैसे मोजून घेतले. माफी वगैरे काही मागितली नाही. पुढच्या खेपेपासून तो “या इंजिनेर” म्हणू लागला. बाजूच्या गाळ्यावरचा मात्र कालियाच म्हणत राहिला. एका हजरजबाबी उत्तरानं बाजार सुधारत नाही. शिवाय रोज हजरजबाबी राहण्याचं ओझं त्या मुलानंच का वाहायचं, हा प्रश्न उरतोच. भाजीवाल्याला टोकायला तिथे आणखी दहा नागपूरकर उभे होते.

६. शब्द जुना आहे म्हणून चालू ठेवू नये

‘हबशी’ हा शब्द दख्खनच्या इतिहासात शिवी नव्हती. ॲबिसिनियाकडून आलेला तो हबशी. मलिक अंबर असाच इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेला आणि निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० च्या सुमारास त्यानं खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. त्यानं लावलेली जमीनमहसुलाची पद्धत मराठी मुलखात ‘मलिकंबरी’ म्हणून नावाजली गेली. त्याच हबशाचं नाव आज आपण कुणी आडदांड किंवा काळाकुट्ट दिसला की उपमेसाठी काढतो. तेव्हा इतिहासाच्या पुस्तकातला हबशी तिथेच असू द्यावा. जिन्यावरून जाणाऱ्या विद्यार्थ्याला तो चिकटवू नये.

‘निग्रो’चंही तसंच. आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर अगदी निर्मळ मनानं हा शब्द वापरायचे, कारण त्यांच्या पिढीनं तो चांगल्या पुस्तकांतच वाचला होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली तीच मुळी अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना. मास्तरांना हे सगळं मुखोद्गत. त्यांना सांगितलं, की अमेरिकेनं २०१६ मध्ये कायदा करून आपल्या जुन्या कायद्यांमधूनही हा शब्द काढून टाकला. मास्तर म्हणाले, “मग आता काय म्हणू?” म्हटलं, “त्याचं नाव आहे, ते म्हणा.” त्यांनी नाव वहीत देवनागरीत लिहून घेतलं आणि दोनदा म्हणून पाहिलं. शिकवणारा माणूस शिकायला लाजत नाही, हे मला आवडलं.

७. आपली मुलं बाहेर गेली, की हेच शब्द आपल्यावर येतात

नागपुरातल्या कुठल्याही कॉलनीत चार घरं सोडून एक मुलगा नाहीतर मुलगी अमेरिकेत असते. २२ फेब्रुवारी २०१७ ला कॅन्ससमधल्या ओलेथ गावी श्रीनिवास कुचीभोटला या हैदराबादच्या इंजिनिअरला एकानं गोळी घालून मारलं. आमच्या देशातून चालते व्हा, असं तो ओरडत होता. श्रीनिवास आणि त्याचा मित्र त्याला इराणी वाटले होते. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतले फोन रात्री उशिरापर्यंत चालू होते. भारतीयाला इराणी समजून मारलं, याचा सगळ्यांना धक्का बसला होता.

महिनाभरानं, मार्चच्या शेवटी, दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडात एक बारावीतला मुलगा दगावला. अमली पदार्थांमुळे गेला असावा असा संशय होता. शेजारच्या नायजेरियन विद्यार्थ्यांनी त्याला खाल्लं, इथपर्यंत अफवा उठली. मग जमावानं मॉलमध्ये शिरून, दिसेल त्या आफ्रिकी विद्यार्थ्याला खुर्च्यांनी, काठ्यांनी झोडपलं. कोण कुठल्या देशाचा, याच्याशी तिथेही कुणाला देणंघेणं नव्हतं. त्याआधीच्या वर्षी, मे २०१६ मध्ये दिल्लीच्या वसंतकुंजात काँगोचा तरुण मसोंडा केटाडा ऑलिव्हिए याला ऑटोवरून झालेल्या वादात मारून टाकलं होतं. आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी नोएडाच्या प्रकारानंतर हे वर्णद्वेषी हल्ले आहेत असं एकत्र निवेदन काढलं, तेव्हा आपल्याकडे अनेकांना राग आला. कॅन्ससच्या वेळी हाच शब्द आपण स्वतः वापरत होतो.

इतिहासातही फार मागे जायला नको. १९७२ मध्ये इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांची मुदत देऊन बाहेर काढलं. त्यांत दुकानदार होते, डॉक्टर होते, तिथेच जन्मलेले होते. ‘आशियाई’ या एका शब्दात सगळे मावले. सगळ्यांना एका शब्दात कोंबण्याची सोय ज्याच्या हातात बहुमत असतं त्याला फार आवडते. आज ते आपल्या हातात आहे.

८. नागपूरला चांगली रीत माहीत आहे

हे शहर मुळात परक्याशी वाईट वागणारं नाही. भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई जपानमध्ये जन्मले, १९६० च्या दशकात इथे आले, इंदोऱ्याच्या बुद्धविहारात राहिले आणि पुढे भारतीय नागरिक झाले. नागपूर त्यांना काय म्हणतं? भंतेजी. त्यांच्या डोळ्यांवरून, उच्चारांवरून कुणी त्यांना नाव ठेवलेलं माझ्या ऐकिवात नाही. कामठीच्या ड्रॅगन पॅलेसमध्ये जपानी पाहुणे येतात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर थायलंड, श्रीलंकेचे भिक्खू येतात. लाखोंची गर्दी त्यांना वाट करून देते, आणि हाक एकच असते.

दीक्षाभूमीच्या शहराला हे वेगळं शिकवायची गरज पडू नये. इतरांनी चिकटवलेलं नाव माणसाच्या घरावर, विहिरीवर, शाळेतल्या बसण्याच्या जागेवर काय परिणाम करतं, हे पिढ्यान्‌पिढ्या सोसलेली माणसं १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षेसाठी याच शहरात जमली होती. त्याच्या दहा वर्षं आधी, १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले काळ्यांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहून, अस्पृश्यांची आणि तिथल्या काळ्यांची स्थिती किती मिळतीजुळती आहे हे कळवलं होतं. द्युबॉइसांनी त्याला सहानुभूतीचं उत्तरही दिलं. त्या पत्राचा वारसा सांगणाऱ्या शहरात ‘पार्टी नायजेरियन आहे’ हे वाक्य निदान खाली मान घालून तरी बोललं जावं.

९. करायचं ते फार साधं आहे

पहिलं, नाव विचारावं आणि नीट म्हणता येईपर्यंत विचारत राहावं. आपली ‘ज्ञानेश्वर’, ‘क्षितिजा’ ही नावं बाहेरच्यांनी सरळ म्हणावीत अशी आपली अपेक्षा असतेच. नाव आठवत नसेल तर भाऊ, दादा, ताई हे शब्द आहेत. नागपुरात ऑटोवाल्यापासून आमदारापर्यंत सगळे ‘भाऊ’ असतात, त्यात आणखी एक मावतो.

दुसरं, देश सांगायची गरज असेल तर खरा देश सांगावा. तिसरं, आपल्यादेखत कुणी असा शब्द वापरला तर तिथल्या तिथे, आवाज न चढवता टोकावं. हे काम शेजाऱ्यानं केलं तर चालतं. ज्याला बोललं गेलं त्यानं केलं की लोक त्याला तापट ठरवतात.

चौथं, थोडं बसून बोलावं. टांझानियाचा मुलगा एकदा आमच्या ओट्याशी उभा राहून कांदा-टोमॅटो चिरत होता. त्याच्या भाषेत त्याला म्हणतात कचुंबारी. पोळीला चपाती, दुकानाला दुका, गाडीला गारी, लाखाला लाकी. समुद्रावरून व्यापारी गेले-आले, त्यांच्या गलबतांतून शब्दही गेले. आमच्या कामवाल्या बाई ते ऐकून म्हणाल्या, “मंग हा तं आपल्यातलाच हाये!” त्यांनी त्याच्या कचुंबारीत दाण्याचं कूट घालायला सुरुवात केली, ते त्याला अजिबात आवडलं नाही, आणि तसं त्यानं त्यांना स्पष्ट सांगितलं. एकमेकांना स्पष्ट सांगता येणं हे मला बरं लक्षण वाटतं.

शेवटची गोष्ट घरमालकांसाठी. परदेशी भाडेकरू आला की २४ तासांच्या आत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म भरून द्यावा लागतो. नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, कशासाठी आला, सगळं त्यात विचारलेलं असतं. सरकारला सुरक्षेसाठी जेवढी माहिती लागते तेवढी सगळी त्यात येते, आणि रंगाचा रकाना त्यात नाही. तुम्हीही तेवढंच विचारा. एजंटनं पुढच्या वेळी “पार्टी नायजेरियन आहे” म्हटलं, तर त्याला सांगा: आधी नाव सांग, मग देश सांग, आणि डिपॉझिट सगळ्यांना सारखंच लागेल.